कार्डावरची दुसरी ओळ

व्हिजिटिंग कार्डावरची पहिली ओळ नावाची. ती आईवडिलांनी ठरवलेली असते. दुसरी ओळ कामाची. नोकरदाराला तीही कचेरीकडून आयती मिळते, पण स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला ती स्वतः लिहावी लागते आणि तिथे भल्याभल्यांची लेखणी अडते. मग ‘कन्सल्टंट’, ‘सोल्युशन्स प्रोव्हायडर’, ‘बिझनेस प्रोफेशनल’ असे काहीतरी छापून वेळ मारून नेली जाते. उद्योजकांच्या मेळाव्यातून अशी चाळीस कार्डे खिशात घालून घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्यांतली किती माणसे आठवतात, यावर अनेकांचे पोट अवलंबून असते. म्हणून या ओळीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. याबाबत दोन भूमिका आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या समोरासमोर बसवून बोलू देणे मला बरे वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तीही धोंडीराव आणि जोतीराव यांच्या संवादातून. वाद नीट मांडायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. इथे एका बाजूला मामा आहेत, सरकारी खात्यात आयुष्यभर पदश्रेणी आणि ज्येष्ठता याद्या सांभाळलेले. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची आहे, स्थापत्य अभियंता, जुन्या इमारतींत पाणी नेमके कुठून गळते ते शोधून देणारी. दोघे कल्पित आहेत, मुद्दे मात्र खरे आहेत.

मामा : अगं, तू सिव्हिल इंजिनिअर आहेस. कार्डावर ‘स्थापत्य अभियंता’ लिही, खाली पदवी आणि नोंदणी लिही, विषय संपला. नाव स्वतः शोधून काढायचं नसतं, ते मिळवायचं असतं. तहसीलदार म्हटलं की त्याचे अधिकार, त्याची सही कुठे चालते, त्याच्या वर कोण, हे सगळं त्या एका शब्दात येतं, कारण त्या शब्दामागे शासन उभं असतं. कायदासुद्धा हेच सांगतो. चार्टर्ड अकाउंटंट्सचा १९४९ चा कायदा बघ. कलम ७ प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदाने तेच पदनाम लावायचं, त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी मनाचं दुसरं वर्णन लावायचं नाही. वकिलांना तर बार कौन्सिलचे नियम पाटीचा आकारही बेताचा ठेवायला सांगतात आणि अमुक कामात विशेष निष्णात असं तिच्यावर लिहू देत नाहीत. १९७२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या कायद्याचा अर्थ लावला तेव्हा सांगितलं की कलम ३७ ची बंदी त्या बिरुदावर आहे, कामावर नाही. म्हणजे बघ, आराखडा काढायला हे कलम आडवं येत नाही, पण शब्द लावायला येतं. ज्या शब्दामागे पदवी उभी आहे तो शब्द सोडून तू नवा कशाला शोधतेस?

भाची : मामा, माझी पदवी मी लपवणार नाहीच. पण ठाणे-डोंबिवलीत ‘स्थापत्य अभियंता’ अशी कार्डं किती निघतील सांगा. मला ज्यांच्याकडून काम मिळतं ते सोसायटीचे सेक्रेटरी असतात. जून संपता संपता त्यांच्याकडे तक्रार येते की छताला पोपडे आलेत, आणि वरच्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे टिपूससुद्धा गळत नाही. कुणीतरी सांगतं गच्चीचा कोबा फोडा, कुणी म्हणतं बाथरूमची लादी उखडा. त्या माणसाला त्या घडीला अभियंता नको असतो, पाणी कुठून येतंय ते सांगणारं कुणीतरी हवं असतं. मी ओल मोजायचा मीटर भिंतीला लावून बघते, थर्मल कॅमेऱ्याने थंड पट्टा कुठे जातो ते पाहते, गच्चीची तोंडं बंद करून पाणी कोंडून ठेवते, एकेका नहाणी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडते आणि खालच्या छतावर कोणत्या रंगाचा डाग उमटतो त्याची वाट बघते. हे सगळं ‘स्थापत्य अभियंता’ या दोन शब्दांत कुणाला दिसणार?

भाचीच्या तक्रारीला मानसशास्त्राचा भक्कम आधार आहे. १९८७ साली ब्रिटनमध्ये मॅकवीनी, यंग, हे आणि एलिस या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगितला. खुबी अशी की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. कुणाचे आडनाव ‘बेकर’, तर कुणाचा व्यवसाय बेकर, म्हणजे पाव भाजणारा. पुढे चेहरा दाखवून विचारले तेव्हा व्यवसाय पुष्कळ वेळा आठवला आणि आडनाव विसरले गेले. शब्द तोच, अक्षरे तीच, तरीही हा फरक पडला. मराठी माणसाला तो चटकन कळावा, कारण आपल्याकडे सुतार हे आडनावही आहे आणि धंदाही. ‘हे श्री. सुतार’ असे ऐकले तर मनात काहीच उभे राहत नाही. ‘हे सुतार आहेत’ म्हटले की रंधा, लाकडाचा भुसा, कानावर अडकवलेली पेन्सिल, घरातले न लागणारे दार, सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. आठवण या धाग्यांना धरून राहते. आता ‘सोल्युशन्स कन्सल्टंट’ हा शब्द या कसोटीवर ठेवून पाहा. तो व्यवसायाच्या जागी छापलेला असला तरी वागतो आडनावासारखा, कारण त्याला धरायला एकही धागा नाही. ‘स्थापत्य अभियंता’ला धागे आहेत, पण ते पूल, धरण, रस्ता, इमारत असे दहा दिशांना जातात आणि ओल आलेल्या छतापर्यंत त्यांतला एकही पोचत नाही.

मामा : ठीक. पण लोकांच्या आठवणीवर पदनामं बेतायची म्हटलं तर राज्यकारभार चालायचा नाही. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलून संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. तिथे कुणी लोकांना विचारत बसलं नव्हतं. आणि ती नावं टिकली की नाही? भोरचे पंतसचिव विलीनीकरणापर्यंत होते. मंत्रालयात आजही सचिवच बसतात.

मामांचे हे उदाहरण मोलाचे आहे आणि मला ते पूर्ण वाचावेसे वाटते. त्याच यादीत पेशव्याचे पद ‘पंतप्रधान’ झाले होते. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यात ‘प्रधान’ हा शब्द होता, पण लोकांच्या तोंडी राहिला तो पेशवाच. पुण्यात पेशवाई होती असे आपण म्हणतो, प्रधानाई कुणी म्हणत नाही. चिटणीस, फडणीस, पोतनीस हे फारसी वळणाचे शब्द तर कामावरून निघून घराण्यांना कायमचे चिकटले. नाना फडणविसांचे मूळ आडनाव भानू होते हे आज मुद्दाम सांगावे लागते. म्हणजे पदनामे दोन वाटांनी टिकतात. एक वाट दरबाराची: मागे सिंहासन असेल, खाते असेल, पगारपत्रक असेल तर शब्द त्या बळावर उभा राहतो. दुसरी वाट लोकांच्या जिभेची. स्वतंत्र व्यावसायिकाच्या मागे दरबार नसतो. त्याला काम मिळते ते एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. तेव्हा त्याच्या कार्डावरच्या ओळीचा खरा वापर करणारा तो स्वतः नसतो, कार्ड घेऊन स्वतः काम देणाराही नसतो. चार दिवसांनी कट्ट्यावर कुणीतरी ‘आमच्या छताला ओल आलीय’ म्हणेल तेव्हा ज्याला ‘अरे, परवा एक बाई भेटल्या होत्या...’ असे म्हणता आले पाहिजे, तो त्या ओळीचा वापर करणारा. ‘बाई भेटल्या होत्या’च्या पुढे तो काय म्हणेल, एवढाच प्रश्न आहे.

इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय या संघटनेची रचनाच या तिसऱ्या माणसावर उभी आहे. एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा, दर आठवड्याला प्रत्येकाने थोडक्यात आपले काम सांगायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या ओळखीतून त्याच्यासाठी काम आणायचे. महाराष्ट्रात या गटांची आणि त्यांच्यासारख्या मराठी उद्योजकांच्या मंडळांची आता चांगली रुजवात झाली आहे. तिथे बोलणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येते. त्या मिनिटात कामाचे चित्र उभे राहिले नाही तर पुढच्या आठवड्यापर्यंत कुणीही त्याच्यासाठी तोंड उघडू शकत नाही, मनात कितीही असले तरी.

मामा : तेच तर माझं भय आहे. लक्षात राहायचं म्हटलं की माणसं भपका करतात. निंजा, गुरू, रॉकस्टार, आनंदाधिकारी! इलॉन मस्कने २०२१ साली शेअर बाजाराच्या नियामकाकडे कागद दाखल करून ‘टेक्नोकिंग ऑफ टेस्ला’ हे पद घेतलं आणि वित्तप्रमुखाला ‘मास्टर ऑफ कॉइन’ केलं. लक्षात राहिलं, खरं आहे. पण त्यातून कळलं काय? आणि नुसता भपका असता तर सोडून दिला असता. अमेरिकेतल्या कोहेन, गुरुन आणि ओझेल या तिघांचा २०२३ चा अभ्यास वाच. तिथल्या कायद्यात व्यवस्थापकाला आठवड्याला ४५५ डॉलरच्या वर ठरावीक पगार दिला की जादा तासांचे पैसे द्यावे लागत नसत. त्यांनी नोकऱ्यांच्या जाहिराती तपासल्या तेव्हा नेमक्या त्या मर्यादेपाशी व्यवस्थापकी पदनामं ४८५ टक्क्यांनी वाढलेली सापडली. स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याला ‘डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन्स’ म्हटलेलं! नाव मोठं दिलं आणि कष्टाचे पैसे बुडवले. आपल्याकडे म्युच्युअल फंड विकणारे ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणवून घेत होते. सेबीला २०२० मध्ये नियम करावा लागला की सल्लागार म्हणून नोंदणी नसेल तर हे नाव वापरायचं नाही.

भाची : मामा, तुम्ही दिलेल्या नावांत मला एक सारखेपणा दिसतो. टेक्नोकिंग, मास्टर, डायरेक्टर, गुरू, ही सगळी दर्जाची नावं आहेत. माणूस किती उंचावर बसलाय ते सांगणारी. मला उंची सांगायची नाही, हातातलं काम सांगायचंय. खोटेपणाची सोय उंचीच्या नावांत जास्त असते, कारण उंची मोजता येत नाही. ‘गळती शोधते’ असं लिहिलं आणि गळती सापडली नाही, तर पहिल्याच पावसात मी उघडी पडेन.

भाचीने इथे दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. मामांची सगळी उदाहरणे खरी आहेत, पण ती लक्षात राहणाऱ्या नावाविरुद्ध जात नाहीत, फुगवलेल्या नावाविरुद्ध जातात. नवे पदनाम प्रामाणिकपणे कसे घडते याचाही एक नमुना इतिहासात आहे. २००८ च्या सुमारास लिंक्डइनमध्ये डी. जे. पाटील आणि फेसबुकमध्ये जेफ हॅमरबाकर अशा गटांचे नेतृत्व करत होते, ज्यांच्या कामाला धड नाव नव्हते. ‘बिझनेस अॅनालिस्ट’ हे नाव त्यांना अपुरे वाटले, कारण ही माणसे नुसते अहवाल काढत नव्हती. ‘डेटा अॅनालिस्ट’ जवळचे होते, पण त्यानेही कामाला कुंपण पडत होते. ‘रिसर्च सायंटिस्ट’ म्हटले की प्रयोगशाळेत कोंडून घेतलेला, उत्पादनाशी संबंध नसलेला माणूस डोळ्यांपुढे येई. एकेक नाव कामाला लावून पाहत ते ‘डेटा सायंटिस्ट’वर स्थिरावले. २०१५ मध्ये ओबामांनी पाटलांना अमेरिकेचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट नेमले, तोवर तो शब्द जगभर गेला होता. ज्यांचे आडनाव हेच मुळात गावच्या कारभाराचे एक जुने पदनाम, त्यांच्या हातून नव्या शतकाला एक पदनाम मिळाले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी दर्जा वाढवला नाही. प्रत्येक नावाने काय दिसते आणि काय झाकले जाते, एवढेच ते पाहत राहिले.

मामा : आता एक गोष्ट बोलतो, ती मनाला लागेल. कामावरून ओळख, कामावरून ओळख, असं तू आनंदाने म्हणतेस. या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसाला कामावरूनच ओळखलं गेलं. कुंभार, लोहार, न्हावी, चांभार ही नावं कुणी हौसेने घेतली नव्हती. ती जन्मासोबत चिकटली आणि गावकुसाच्या आत कुणी बसायचं, बाहेर कुणी राहायचं ते ठरवून गेली. माझ्या पिढीतली किती मुलं ‘अधिकारी’, ‘अभियंता’, ‘प्राध्यापक’ या शब्दांसाठी रात्र रात्र अभ्यास करत होती, ती काही नुसत्या पगारासाठी नाही. त्या शब्दांत हाताच्या कामाचा वास येत नाही म्हणून. आणि तू ‘अभियंता’ पुसून ‘गळती’ लिहितेस?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला चटकन उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोपा, अमूर्त, इंग्रजी वळणाचा शब्द अनेकांसाठी संरक्षण म्हणून आला, हे खरे आहे. ‘कन्सल्टंट’मध्ये जात दिसत नाही. त्यामुळे अशा शब्दाआड राहणाऱ्याला हिणवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण मामांच्या उदाहरणांत जाच आहे तो कामाच्या नावाचा नाही, ते नाव लादले जाण्याचा आणि त्यातून सुटता न येण्याचा आहे. निवडलेले नाव उलटी किमयाही करू शकते. साप पकडणारा तो गारुडी, ही आपल्याकडची जुनी ओळख. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांचे खेळ बेकायदा ठरले, आणि पुढे गावोगावच्या तरुणांनी साप वाचवून जंगलात सोडायचे काम हाती घेतले. त्यांनी स्वतःसाठी स्वीकारलेला शब्द ‘सर्पमित्र’. चार अक्षरांत काम कळते, कामामागची वृत्ती कळते आणि मध्यरात्री घरात नाग निघाला तर कुणाला फोन करायचा तेही कळते. त्या शब्दात कुठली जात नाही आणि कुठली बढाईही नाही. मुंबईचे डबेवाले पाहा. ‘वाला’ हा प्रत्यय आपण कमी लेखतो, पण त्या माणसांनी आपले नाव बदलून ‘अन्नवितरण व्यवस्थापक’ केले नाही. १८९० पासूनच्या या व्यवसायाचे नाव त्यांच्या कामानेच वर नेले, इतके की २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स मुंबईत आले तेव्हा चर्चगेटला येऊन त्यांना भेटले.

तरी मामांचे एक म्हणणे मी बाजूला सारू शकत नाही. नाव गोड असले आणि दाम कडू, तर ते नाव फसवे होते. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात नेमलेल्या ‘आशा’ स्वयंसेविकांचे नाव हे अलीकडच्या सरकारी पदनामांतले सर्वांत सुंदर नाव असावे. इंग्रजी आद्याक्षरांतून जुळले आणि मराठीत थेट ‘आशाताई’ होऊन घरात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला. पण ‘स्वयंसेविका’ म्हटल्यामुळे त्यांना वेतन नाही, मोबदला मिळतो. अंगणवाडी ‘सेविके’ला मानधन मिळते. घरपोच खाणे आणणारा मुलगा ‘डिलिव्हरी पार्टनर’ असतो आणि त्या भागीदारीत नफ्याचा वाटा नसतो. म्हणून स्वतःचे नाव ठरवताना एक प्रश्न विचारायलाच हवा: हे नाव ऐकून समोरचा मला योग्य ते पैसे देईल, की कौतुक करून मोकळा होईल?

भाची : म्हणूनच मी ‘गळतीताई’ लिहिणार नाही, मामा. प्रेमाने म्हणतील, पण बिल देताना घासाघीस करतील. आणि ‘स्ट्रक्चरल ऑडिटर’ही लिहिणार नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींचं ते ऑडिट मुंबईत महापालिकेकडे नोंदलेल्या अभियंत्याकडूनच करून घ्यावं लागतं. ती नोंदणी माझ्याकडे नाही, तर त्या शब्दाच्या आसपासही मी फिरकणार नाही.

मामा : आणि उद्या तुला गळतीखेरीज दुसरं काम मिळालं तर? एका शब्दात स्वतःला बांधून घेशील.

भाची : दार एकच असलं म्हणून घर एका खोलीचं नसतं. लोक गळतीसाठी बोलावतील, इमारत आतून बघायला मिळेल, मग पुढचं काम माझं काम बोलेल.

याला जोडून एवढेच सांगेन की ओळ बदलता येते. नोंदणी क्रमांक बदलत नाही; दुसरी ओळ दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासावी आणि काम पुढे गेले असेल तर तिलाही पुढे न्यावे. तपासायची रीतही अवघड नाही. आपल्या क्षेत्राबाहेरच्या एका माणसाला ती ओळ एकदाच सांगावी, तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग त्यालाच विचारावे की मी काय करतो ते तिसऱ्या माणसाला कसे सांगशील. तो जे शब्द वापरेल ते बहुधा आपल्या शब्दांपेक्षा साधे असतील. ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. तो चाचरला, किंवा ‘काहीतरी कन्सल्टन्सी आहे’ म्हणाला, तर ओळ फाडून नवी लिहावी. इंग्रजी लिहायची तर खुशाल लिहावी, पण ज्याचे छत गळते तो आपली अडचण ज्या भाषेत बोलतो त्या भाषेतही ती लिहिलेली असावी. कारण गरज बोलताना माणूस ‘वॉटर इन्ग्रेस’ म्हणत नाही, ‘ओल आलीय’ म्हणतो.

मामा आणि भाची यांच्या वादातून जे कार्ड तयार झाले त्यावर नावाखाली ही ओळ आहे: ‘इमारतीत पाणी कुठून गळते ते शोधून देते.’ तिच्याखाली लहान अक्षरांत: स्थापत्य अभियंता, पदवीचे वर्ष. ‘तज्ज्ञ’ हा शब्द मामांनी खोडला, ‘सोल्युशन्स’ भाचीने. कार्डाची मागची बाजू कोरी ठेवली आहे, सेक्रेटरीला फ्लॅट क्रमांक लिहून घेता यावा म्हणून.